वकट, लेंड, मूंड, नाल: विटीदांडूच्या आमच्या गोष्टीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही काही पालक नाशिकमधल्या एका मोकळ्या मैदानावर मुलांना विटीदांडू शिकवतो. खळगा खणून होईपर्यंत मुलांना एका जागी बसवायचं म्हणून मी एकदा या खेळातली वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी कुठून आली याची एक गोष्ट रचून सांगितली. ती त्यांना इतकी आवडली की आता गोष्ट झाल्याशिवाय कोणी दांडूला हात लावत नाही. गोष्ट मुलांबरोबर घरी गेली, घरून शाळेत गेली, आणि मग आई-बाबांचे, आजी-आजोबांचे, शिक्षकांचे प्रश्न यायला लागले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

ही गोष्ट खरी आहे का?

नाही. ती मी रचली आहे, आणि मुलांना सांगताना पहिलं वाक्य तेच असतं: "ही मी मनाने रचलेली गोष्ट आहे." तुम्ही कोणाला सांगितलीत तर कृपा करून हे वाक्य गाळू नका.

मग गोष्ट आहे तरी काय? आमच्या मुलाने अर्धीच सांगितली.

फार वर्षांपूर्वी पंचवटीत, गंगेच्या काठी, एक सुतार राहत होता. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे रामकुंडाकडे.) एकदा त्याने शेळी बांधायला खुंटी करायला घेतली. एक टोक तासलं आणि तो जेवायला गेला. बायकोला वाटलं, ह्यांनी काम अर्धवटच टाकलं, म्हणून तिने दुसरं टोक तासून ठेवलं. सुतार हात धुऊन येतो तर काय, दोन्हीकडून टोकदार खुंटी! कशीही ठोका, डोक्यावर टोकच. "आता हिला शेळी बांधू की हिने दात कोरू?" म्हणत त्याने ती अंगणात भिरकावली.

त्यांची आठ वर्षांची पोर आईमागोमाग धुणं घेऊन घाटावर निघाली होती. हातात धोपाटणं. पायाशी ती खुंटी आली तशी तिने सहज धोपाटण्याने एका टोकावर टपली मारली. खुंटी टुणकन कमरेएवढी उडाली. पोरीला काय वाटलं कोण जाणे, ती हवेत असतानाच तिने धोपाटणं फिरवलं. टण्ण! सिंहस्थाचं वर्ष होतं, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. खुंटी साधूंच्या जटांवरून, निशाणांवरून, ओल्या धोतरांच्या दोऱ्यांवरून गेली आणि रामकुंडाच्या पुढे धारेत पडली.

पोर काठाकाठाने धावली. किती लांब गेली ते मोजावं म्हणून धोपाटणं जमिनीवर आडवं टाकत निघाली. पण तिला आकडे येत नव्हते. "एवढं, अजून एवढं, अजून एवढं" करत तपोवनापर्यंत पोचली. अंधार पडला तेव्हा आईने बखोटीला धरून घरी आणलं.

खुंटी मात्र चालली होती. नांदूर मध्यमेश्वरला एक बगळा तिच्यावर एका पायाने उभा राहिला आणि दोन मासे खाऊन उडाला. पैठणला रंगाऱ्याचं पाणी अंगावर आलं, तिला जांभळा डाग पडला. नांदेड मागे पडलं, मुलूख बदलला, काठावरची बोली बदलली. दगडांवर आपटून आपटून तिची टोकं बोथट झाली. शेवटी बासरच्या घाटावर, दोन पायऱ्यांच्या फटीत, ती अडकून बसली.

बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. तिथे लहान मुलांना आणून पहिलं अक्षर गिरवून घेतात. पायऱ्यांवर बसून मुलं रोज आकडे म्हणायची: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु... आणि नेमकी चारनंतर देवळातली घंटा सुरू व्हायची. पुढचं काही नीट ऐकू यायचं नाही. फटीतली खुंटी बारा वर्षं हेच ऐकत राहिली.

बाराव्या वर्षी गुरू पुन्हा सिंह राशीत आला. बासरची एक म्हातारी म्हणाली, जिच्या पाण्यात जन्मभर न्हाले ती निघते तरी कुठून, एकदा बघून येते. निघण्याआधी तिने घाटावर शेवटची बुडी मारली. केस सुटले. अंबाड्यात खुपसायला काहीतरी हवं म्हणून तिने फटीतली खुंटी उपसली, अंबाड्यात खोवली आणि चालू लागली. नदीच्या उलट दिशेने, गावोगावी मुक्काम करत, रामकुंडापर्यंत.

रामकुंडावर तिने केस सोडले आणि खुंटी पायरीवर ठेवली. शेजारी एक वीस वर्षांची बाई धुणं धूत होती. तिने एका नजरेत ओळखलं. एक टोक बापाच्या हातचं, गुळगुळीत. दुसरं आईच्या हातचं, ओबडधोबड. "आजीबाई, ही माझी!" म्हातारीला मराठी कळत नव्हतं, पण त्या डोळ्यांतलं कळलं. तिने खुंटी पुढे केली.

बाईने पदर खोचला. खुंटी जमिनीवर ठेवली, टोकावर टपली मारली आणि बारा वर्षांचा जोर लावून टोला हाणला. हवेतून खुंटी ओरडली, "वकट!" दुसऱ्या टोल्याला, "लेंड!" रेंडु म्हणायचं होतं तिला, पण टोकं झिजलेली, दात पडलेल्या पोरासारखी. र म्हणायला गेली की ल व्हायचा. तिसऱ्याला मूंड, चौथ्याला नाल. त्यापुढे मात्र तिच्या कानात नुसती घंटाच होती, त्यामुळे ज्या गल्लीला जे ऐकू आलं ते त्या गल्लीने ठरवलं.

तेव्हापासून खुंटीची विटी झाली, धोपाटण्याचा दांडू झाला, आणि विटी किती लांब गेली ते दांडूने मोजायचं ठरलं. वकट, लेंड, मूंड, नाल.

यात खरं असं काहीच नाही?

आहे, आणि त्यासाठीच ही गोष्ट रचली. विटीदांडूच्या जुन्या मराठी मोजणीत खरोखरच वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द आहेत. मराठीत एक-दोन-तीन-चार असताना आपल्याच खेळात हे परके शब्द कुठून आले? तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा, वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चारनंतरचे शब्द गावागणिक बदलतात, हेही खरं. गोष्टीतली घंटा त्यासाठीच वाजते.

आणि नदी खरी आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिक, पैठण, नांदेड करत बासरजवळ तेलंगणात शिरते, भद्राचलमवरून राजमहेंद्रीला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. एकूण १,४६५ किलोमीटर. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो, आणि त्याच सुमारास तेलुगू मुलखात गोदावरी पुष्करम साजरं होतं. २०१५ साली दोन्ही झालं. एकाच नदीचा, एकाच ग्रहाच्या हिशोबाने चालणारा उत्सव दोन भाषांत होतो. मग दोन भाषांच्या मुलांनी आकडे वाटून घेतले याचं नवल कसलं?

तेलुगू आकडे मराठी खेळात खरोखर कसे आले असतील?

राजे शिलालेखात लढाया आणि दानं कोरतात, मुलांचे खेळ कोणी कोरत नाही. पण येण्याजाण्याच्या वाटा ढळढळीत दिसतात. आपल्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. ज्या सातवाहनांची राजधानी पैठणला होती, त्यांचं राज्य पार आंध्रातल्या अमरावतीच्या बाजूपर्यंत पोचलं होतं, आणि पुराणं तर त्यांना आंध्रच म्हणतात. तेव्हापासूनचा हा शेजार. नंतरच्या काळात सोलापुरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर वसले. दगड फोडणारा, विहिरी खणणारा वडार समाज आजही घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलतो. मोठी माणसं कामाला लागली की मुलं मैदानात एकत्र येतात, आणि मैदानात ज्याला चांगलं मोजता येतं त्याची मोजणी चालते.

मला स्वतःला हे पुस्तकातून कळलं त्याहून जास्त एका सकाळी कळलं. आमच्या सोसायटीत एक तेलुगू कुटुंब राहायला आलं. त्यांची आई भाजीची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेने चालली होती. पोरं दांडू टाकत ओरडत होती, "वकट, लेंड, मूंड..." त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली. मला म्हणाल्या, "ताई, ये तो हमारा गिनती है." मग मुलांकडे वळून हळूच म्हणाल्या, "नालुगु." सगळी पोरं एकदम गप्प. एक धिटुकली म्हणाली, "काकू, नाल?" त्या हसल्या, "हां, नाल." त्यांच्याकडे खेळाला बिळ्ळंगोडू म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. गोष्टीतली म्हातारी मला त्या दिवशी सुचली.

खरी माहिती एवढी छान आहे, मग रचलेली गोष्ट कशाला?

आठ वर्षांच्या मुलाला "हे शब्द तेलुगूतून आले" असं सांगितलं की तो "बरं" म्हणतो आणि विसरतो. गोष्ट ऐकली की तो दुसऱ्या रविवारी विचारतो, "पण म्हातारी चालत आली म्हणजे किती दिवस लागले?" मग नकाशा उघडतो, बासर सापडतं, पैठण सापडतं, आणि घरी जाऊन कोणीतरी आजोबांना विचारतं की तुम्ही कसं मोजायचात. माझ्या गोष्टीतलं उत्तर खोटं आहे, पण तिच्यातला प्रश्न खरा आहे. मुलांना प्रश्न मिळाला की पुढचं त्यांचं ते करतात.

पंचवटी आहे, तर गोष्टीत राम-सीता का नाहीत?

हे बरेच आजी-आजोबा विचारतात, आणि प्रेमाने विचारतात. मी मुद्दाम ठेवले नाहीत. काळाराम मंदिराच्या सावलीत वाढलेल्या मुलासमोर "रामाने विटी मारली" असं म्हटलं की ती गोष्ट राहत नाही, श्रद्धा होते. मग ती रचलेली आहे हे सांगणं अवघड होतं आणि खोडणं त्याहून अवघड. देवाच्या नावाचं वजन मी माझ्या कल्पनेला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सुताराची पोर, धोपाटणं आणि एक म्हातारी. बासरच्या सरस्वतीचं फक्त देऊळ येतं, आणि तिथे मुलांना अक्षर गिरवून घेतात ही खरी चाल येते.

याला कारण घडलेलं आहे. एका शाळेच्या भित्तिपत्रकावर आमची गोष्ट "आपल्या नाशिकचा इतिहास" या मथळ्याखाली लागली होती. पुढे ती वॉट्सॲपवर फिरली, तेव्हा कोणीतरी "५००० वर्षांपूर्वी" जोडलं होतं. मी शाळेत जाऊन मथळ्याखाली एक ओळ लिहायची विनंती केली. ओळ लिहिली गेली, पण तोवर महिना उलटला होता. ते मला अजून खुपतं.

मल्लखांबाचीही अशीच नाशिकची गोष्ट आहे ना? ती पण रचलेली का?

ती आख्यायिका आहे, आणि तिची जात वेगळी. मल्लखांबाला नवं रूप दिलं बाळंभटदादा देवधरांनी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात. परंपरा सांगते की निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे पहिलवान पुण्यात आव्हान देत आले, ते आव्हान बाळंभटदादांनी घेतलं, आणि तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंग गडावर देवीच्या उपासनेला बसले. तिथे झाडावर माकडाच्या कसरती पाहून त्यांना खांबावरच्या कुस्तीची विद्या मिळाली. माणूस खरा, गड खरा, विद्या खरी. दृष्टांत ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख मात्र त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथात येतो.

आख्यायिका पिढ्यांनी मिळून घडवलेली असते. माझी गोष्ट एका रविवारी खळगा खणता खणता सुचली. दोन्ही एका पंगतीत बसवू नका.

"लेंड" म्हटलं की मुलं खिदळतात. शब्द बदलू का?

बदलू नका हो. शेळीच्या लेंड्या सगळ्यांनाच आठवतात, मोठ्यांनाही. हसू द्या. हसण्यामुळेच हा शब्द पक्का लक्षात राहतो, आणि दोन रविवार गेले की हसू आपोआप ओसरतं. आमच्याकडे एका मुलाने नाल म्हणजे घोड्याची नाल आणि मूंड म्हणजे मुंडकं, असे अर्थही लावून ठेवले होते. त्याला मी खरा अर्थ सांगितला तर म्हणाला, "माझापण चांगला होता." होताच.

खेळायचं कसं? नियम थोडक्यात सांगा.

जमिनीत लांबट खळगा खणायचा. त्यावर विटी आडवी ठेवून दांडूने कोलायची, म्हणजे उचलून लांब फेकायची. समोरच्या गड्यांनी झेल घेतला तर कोलणारा बाद. झेल गेला तर तो दांडू खळग्यावर आडवा ठेवतो आणि समोरचा विटी फेकून दांडूला नेम धरतो. लागली तर बाद. नाही लागली तर टोले: विटीच्या टोकावर मारून ती उडवायची आणि हवेतच टोलवायची. पडली तिथपासून खळग्यापर्यंत दांडूने मोजायचं. वकट-लेंडच्या खेळात मोजणी जिथे संपते त्या आकड्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. कुठे पायाच्या चवड्यावर विटी ठेवून, कुठे मुठीवरून. आकड्याला कोणती तऱ्हा, हे प्रत्येक गावाचं आपलं असतं. तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि तेच नियम धरा.

विटी-दांडू बाजारातून आणू का?

मिळाला तर आणा, पण करून बघा एकदा. आम्ही वाळलेली बाभूळ घेतो. अंगठ्याहून थोडी जाड फांदी, चार-पाच इंच, सालीसकट. दांडू साधारण दोन फुटांचा, मुठीत नीट बसेल असा. सुताराकडे वाकस असतो, त्याने दोन मिनिटांत टोकं निघतात. घरी कोयत्याने मोठ्या माणसाने करावं. टोक पेन्सिलीसारखं काढायचं नाही. आखूड आणि बोथट काढायचं, नाहीतर दुसऱ्याच टोल्याला तुटतं आणि लागलं तर जखम होते. तयार झाली की विटी फरशीवर ठेवा. टोकाच्या खालून करंगळी जायला हवी. सगळी करामत त्या फटीची आहे. टोक खाली दाबलं जातं, मधला फुगीर भाग टेकू होतो आणि दुसरं टोक वर उसळून विटीला घेऊन उडतं. फट नसेल तर कितीही मारा, विटी जागची हलत नाही. मुलांना मी हे सांगत नाही, आधी एक बिनफटीची विटी देते आणि बघत बसते.

बाभूळ ताजी असेल तर साल ओली असते आणि हाताला चिकट लागते. ती चार दिवस उन्हात टाका.

डोळ्याला लागलं तर?

ही काळजी रास्त आहे, आणि हा एकच मुद्दा आहे जिथे मी जुन्या चालीला सरळ नाही म्हणते. काही ठिकाणी पापणीवर विटी ठेवून टोला मारायची तऱ्हा होती. आमच्याकडे ती बंद. टोला मारणाऱ्याच्या पुढे वीस पावलांत कोणी उभं राहायचं नाही. मारणाऱ्याने आधी "विटी!" अशी हाक द्यायची. बघायला आलेली धाकटी भावंडं खळग्याच्या मागे, मोठ्या माणसाजवळ. फायबरची किंवा प्लास्टिकची विटी आणू नका, ती वाकडीतिकडी उडते.

गोष्टीतल्यासारखी विटी नाशिकहून बासरला वाहत जाईल का?

आमच्या मुलांनी बादलीत टाकून पाहिली. वाळलेली तरंगली, ओली जेमतेम नाक वर काढून राहिली. म्हणजे वाहायला हरकत नाही. पण आज वाटेत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो (पक्ष्यांसाठी नावाजलेलं, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ), मग पैठणचं जायकवाडी धरण, १९७६ पासूनचं, मग नांदेडचं विष्णुपुरी. विटी यांतल्या एखाद्या भिंतीपाशी नक्की थांबेल. गोष्ट "फार वर्षांपूर्वी" घडते ती यामुळेच. आणि म्हणून गंगेत विट्या टाकून प्रयोग करू नका. नदीत आधीच नको ते पुष्कळ टाकलेलं आहे.

गोदावरी किती दांडू लांब आहे?

हा प्रश्न मोठ्यांनी कधी विचारलेला नाही, मुलं मात्र दर महिन्याला विचारतात. दांडू ६० सेंटिमीटरचा धरला तर १,४६५ किलोमीटरचे २४ लाख ४१ हजार ६६६ दांडू होतात आणि वर थोडं उरतं. ते थोडं म्हणजे वकटाला काही कमी, असं आमच्यात ठरलं आहे.

क्रिकेट विटीदांडूवरूनच आलं म्हणतात, ते सांगता का मुलांना?

नाही सांगत. क्रिकेट इंग्लंडच्या आग्नेय भागात वाढलं. टोकदार लाकूड उडवून टोलवायचा खेळ तर खुद्द इंग्लंडातही होता, त्याला ते टिपकॅट म्हणतात. नेपाळात डंडी-बियो, तमिळनाडूत किट्टी-पुळ्ळू, कर्नाटकात चिन्नी-दांडू, बंगालात डांगुली. काठी आणि लाकडाचा तुकडा सापडला की जगभरातल्या पोरांना हेच सुचलं. मला हे "आमच्यावरून घेतलं" यापेक्षा फार मोठं वाटतं.

मुली खेळतात का?

हो. पहिला टोला कोणी मारला ते वर लिहिलं आहेच.

पावसाळ्यात खेळ चालू असतो का? आणि घाटावर का खेळत नाही? गोष्ट तर तिथलीच आहे.

पावसाळ्यात बंद. खळग्यात पाणी साचतं आणि विटी चिखलात रुतते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मुलं आपापल्या आई-बाबांबरोबर लांबून गंगेचा पूर बघायला जातात आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते येऊन सांगतात. नाशिककरांचं पुराचं माप तेच, गुडघा, कंबर, छाती.

घाटावर भाविक असतात, दशक्रियेला आलेली दुःखातली माणसं असतात, भाजीवाल्या असतात. तिथे विटी उडवणं बरं नाही. वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या एका सकाळी, आम्ही दांडू घरी ठेवून मुलांना रामकुंडापासून काठाने चालवत नेतो आणि गोष्ट चालता चालता सांगतो. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेखाली आलं की सगळे थांबतात. घंटा कशी बारा वर्षं काही ऐकू देत नाही, ते त्यांना तिथे पटतं.

गोष्ट आमच्या गावच्या सोयीने बदलली तर चालेल?

खुशाल बदला. सोलापूरच्या एका शिक्षिकेने म्हातारीच्या जागी विणकराचा मुलगा घातला आणि विटीला मागाच्या धोट्यात बसवलं. ते माझ्या अंबाड्यापेक्षा सरस झालं. दोनच विनवण्या आहेत. पहिलं वाक्य ठेवा, आणि पहिले चार आकडे ठेवा. तुमच्याकडे चारनंतर काय म्हणतात ते मैदानावर येऊन सांगितलंत तर मी वहीत उतरवून घेईन. एका वहीची पानं संपत आली आहेत.

शेवटी ती विटी गेली कुठे?

गोष्टीत मी सांगितलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक मुलाचं उत्तर निराळं आहे. कोणी म्हणतं सुताराच्या पोरीने ती देव्हाऱ्यात ठेवली, कोणी म्हणतं म्हातारीने केस बांधून परत नेली. गेल्या रविवारी सहा वर्षांची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने खळग्याजवळची आमची जुनी विटी उचलली, दोन्ही टोकं निरखून पाहिली आणि मला दाखवत म्हणाली, "हे टोक बाबांनी केलंय. हे आईनी."